सोळा खांब आणि साहेबाचं घड्याळ

आधीच सांगून टाकतो, घड्याळ खरं आहे. माझ्या पायातली रबरी चप्पल आणि दुमडलेल्या बाह्या बघून तुम्हाला वाटेल, घेतलं असेल म्हाताऱ्यानं कुठल्या तरी जत्रेत. वाटू द्या. गावातल्या निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतं आणि त्यांच्याशी भांडून माझा घसा बसलाय. स्वित्झर्लंडचं आहे. सेल नाही त्यात, सगळं चाकांवर आणि स्प्रिंगवर चालतं. मोठ्या तबकडीच्या पोटात तीन छोट्या तबकड्या, भोवती आकड्यांचं कडं, आणि उजव्या अंगाला किल्लीच्या वर एक, खाली एक अशी दोन बटणं.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत ड्रायव्हर होतो. शेवटची सहा वर्षं एका जर्मन साहेबाची गाडी माझ्याकडं होती. साहेब राहायचा नगरला, सावेडीत. सकाळी सावेडी ते सुपा, संध्याकाळी सुपा ते सावेडी, आणि मधूनमधून पुण्याचं विमानतळ. सहा वर्षांत त्याचं एकही विमान मी चुकू दिलं नाही. एकदा शिरूरच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला, नजर पोचेल तिथवर गाड्यांची रांग. मी गाडी वस्त्यावस्त्यांतून, लोकांच्या अंगणातल्या कोंबड्या उडवत काढली आणि साहेबाला वेळेत उतरवलं. तो नुसता "गुड" म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून गुड म्हणजे आपल्याकडचा हारतुरा समजा.

साहेब मागं कधी बसला नाही, पुढं माझ्या शेजारीच बसायचा. त्याला एक खोड होती. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड आला की घड्याळाचं बटण दाबायचा, पुढचा दगड आला की पुन्हा दाबायचा, आणि घड्याळात बघून म्हणायचा, "सेव्हन्टी टू." मी माझ्या मीटरकडं बघावं तर काटा बहात्तरच्याच आसपास. मला वाटायचं, हा तिरक्या डोळ्यानं माझाच मीटर वाचतोय आणि मला उगाच बनवतोय. सहा वर्षं मी गालात हसत राहिलो, म्हटलं, चालू द्या साहेबांचा खेळ.

तो कायमचा मायदेशी निघाला त्या दिवशी विमानतळावर मी बॅगा उतरवल्या आणि नमस्कार केला. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं, माझा हात धरला आणि स्वतः पट्टा लावला. "यू, नेव्हर लेट," म्हणाला. मी नको नको म्हणत होतो, पण हात काही मागं घेतला नाही, खरं ते सांगतो. परतताना शिरूरपर्यंत डोळे पुसत आलो. पुढच्याच वर्षी मी रिटायर झालो, एक जुनी पिकअप घेतली आणि गावातला कांदा, दूध, बाजार असलं काय काय वाहू लागलो.

एवढं भारी घड्याळ रोज कसं घालायचं? म्हणून मी ते धुतलेल्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. महिनाभरानं एका लग्नाला निघताना काढलं तर बंद. बायको लुगडं नीट करता करता म्हणाली, "चालू असतं तर सायबानं कशाला दिलं असतं? जाताना जड झालं असंल." मला असा राग आला! हातात घेऊन झटकलं तर चालू झालं, पण मधला लांबलचक काटा बाराच्या आकड्यावर उभाच. मी वरचं बटण दाबलं, तेव्हा तो टकटक करत पळायला लागला. झालं, म्हटलं, बरं झालं. तेव्हापासून तो काटा थांबला रे थांबला की मी बटण दाबायचो. सेकंदकाटा बंद असलेलं घड्याळ कोण घालेल?

शेवटी नगरला कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडं गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "काका, हे दुरुस्तीला कुठून आणलंत?" मी म्हटलं, माझं आहे. त्यानं माझ्या चपलेकडं बघितलं. मीही त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं विचारलंच नाही. मग मला समजावून सांगितलं. कपाटात ठेवायचं नाही, हात हलला तर हे चालतं. रोजचा सेकंद खालच्या छोट्या तबकडीत पळतो. मधला लांब काटा हा मोजायचा काटा. वरचं बटण दाबलं की पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की बारावर येऊन उभा राहतो. आणि कडेच्या आकड्यांवर, एक किलोमीटर जायला जेवढा वेळ लागेल त्यावरून वेग कळतो.

"म्हणजे साहेब खरंच मोजत होता!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचा शिंपी बाहेर आला.

घड्याळवाला म्हणाला, "हा काटा उगाच पळवत ठेवू नका. ज्याला काही मोजायचंय त्याच्यासाठी आहे तो." आता मला काय मोजायचंय? चहाला उकळी किती वेळात येते ते मोजलं. म्हैस किती वेळ पान्हा चोरते ते मोजलं. बायकोनं पोळी लाटायला किती वेळ लावला ते मोजायला गेलो आणि लाटणं दाखवलं गेलं. बाकी कांद्याच्या गोण्या उचलताना, फवारा मारताना, दाढी करवून घेताना घड्याळ हातातच. एसटी स्टँडवर मी मुद्दाम बाही वर करून उभा राहायचो. वाटायचं, कुणीतरी ओळखावं. एकानं, फक्त एकानं म्हणावं, अहो, हे तर ते! वर्षं गेली, कुणी ओळखलं नाही. एका पोरानं तर विचारलं, "काका, तीनशेला दोन मिळतात तेच का?" त्याला मी पुन्हा पिकअपमध्ये घेतला नाही.

मग आमच्या घरात सून आली.

पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर कारखान्यांवर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहिलेली. त्यातून ती पदवीपर्यंत शिकली, आणि मनात एकच, पोलिसात जायचं. लग्नाआधी एकदा भरतीला उतरली होती, पण ग्राउंडलाच, धावण्यात, थोडक्यासाठी गेली. लेखीची तिला भीती नव्हती. आकडेमोड तर अशी करायची की माझा मुलगा, जो कारखान्यात मशीन चालवतो, तो पगाराची कपात तिच्याकडून तपासून घ्यायचा. आता पुन्हा भरती निघाली होती आणि वयात बसणारी तिला ही शेवटचीच. हे तिनं लग्न ठरतानाच सांगितलं होतं आणि मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता.

बायको कुरकुरली. "सून रस्त्यानं पळणार, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांना जे म्हणायचंय ते मला येऊन म्हणावं. कुणी आलं नाही. माझा स्वभाव गावाला ठाऊक आहे.

पहिल्या सकाळी ती ट्रॅकपँट घालून ओट्यावर बुटाची नाडी बांधत होती. मी बाही वर केली. "चल," म्हटलं, "मोजायला मी आहे." आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात. ती म्हणाली, "मामा, मोबाईलवर लावते की मी." मी म्हटलं, "एवढं घड्याळ घरात असताना मोबाईल? काय इज्जत राहील घड्याळाची?" ती हसली आणि मोबाईल खिशात ठेवला.

मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, आणि पैकीच्या पैकी मार्क हवेत तर तीन मिनिटांना दहा सेकंद कमी लागतात. आता आठशे मीटर कुठून कुठं? ते मला विचारायची गरज आहे का? जन्म रस्त्यावर गेलाय. विजेचे दोन खांब म्हणजे पन्नास मीटर, वीस खांब म्हणजे किलोमीटर. गावात सगळे असंच मोजतात, भरतीची पोरंसुद्धा. पहिला खांब सोडून सोळा खांब म्हणजे आठशे. मारुतीच्या देवळापासच्या खांबापासून मी मोजून दिले आणि सोळाव्या खांबाला चुन्यानं पट्टा मारला.

ती सुटली की मी बटण दाबायचो आणि पिकअपनं पुढं जाऊन चुन्याच्या खांबाशी उभा राहायचो. पहिल्या दिवशी साडेतीन मिनिटं. पंधरा दिवसांत सव्वातीन. महिन्याभरात तीन मिनिटं पाच सेकंद. मी तर गावभर सांगत सुटलो. आणि तिथंच गाडी रुतली. तीन पाच, तीन सहा, तीन पाच. बूट बदलले, नाचणी सुरू केली, अंडी सुरू केली, बायकोनं मनातला राग बाजूला ठेवून खारकांचे लाडू केले. तीन पाच.

भरतीची तारीख जवळ आली तसा माझा पारा चढायला लागला. एका सकाळी ती खांबाशी आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली. मी काटा दाखवला. तीन सहा. आणि माझ्या तोंडून निघालं, "ऊसतोड्याची पोर ना गं तू? एवढा पण दम न्हाई?"

बोललो आणि बोलताच कळलं काय बोललो ते. ती सरळ उभी राहिली. "मामा," म्हणाली, "उसात वाढले म्हणूनच एवढा दम आहे. नाहीतर कधीच घरी बसले असते." आणि चालत घरी गेली. पिकअपमध्ये बसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर ती पळून आलेलीसुद्धा होती. मला न उठवता, मोबाईल घेऊन. तिसऱ्या दिवशी तेच. मी ओट्यावर बसून मनगटाकडं बघत राहायचो. बायको माझ्यासमोर चहा आदळून म्हणाली, "लई मोजलंत. आता तोंड मोजून वापरा." माफी मागावी असं दहादा मनात आलं, पण सासऱ्यानं सुनेची माफी कशी मागायची हे मी आयुष्यात कुठं बघितलं नव्हतं.

त्या चौथ्या दिवशी दाढीला गेलो. आमचा न्हावी माझ्या हनुवटीला फेस लावत म्हणतो, "तात्या, सूनबाईचं टायमिंग अडाकलंय म्हनं. आता ती तर जीव खाऊन पळती, मी बघतो ना रोज. घड्याळच पळत आसंल तुमचं. सायबानं उगं न्हाई दिलं फुकाट."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो. सुनेवरून बायको बोलली ते मी गिळलं होतं, पण घड्याळावर कुणी बोलायचं? पिकअप काढली आणि थेट पुण्याच्या हायवेला लागलो. साहेब करायचा तेच करायचं ठरवलं. माझ्या पिकअपचा किलोमीटरचा आकडा कधीच अडकलाय, पण वेगाचा काटा ठणठणीत आहे. साठवर गाडी धरली. दगड आला, बटण दाबलं. पुढचा दगड आला, दाबलं. साठच्या वेगानं एक किलोमीटर म्हणजे बरोबर एक मिनिट. लांब काटा फेरी पूर्ण करून बारावर येऊन उभा! पुन्हा केलं. पुन्हा बारावर. तिसऱ्यांदा केलं ते निव्वळ आनंदानं. वाऱ्यानं गालावरचा फेस वाळून कडक झाला होता. "ये म्हणावं आता, न्हाव्याला दाखवतो," असं मी एकटाच गाडीत मोठ्यानं बोललो.

गावाकडं वळलो तरी हात शिवशिवत होता. देवळाशी आलो, रस्ता मोकळा, काटा साठवर. म्हटलं, आपल्या वीस खांबांवर पण बघू. पहिल्या खांबाला दाबलं, तो सोडून एक, दोन, तीन मोजत विसाव्याला दाबलं. काटा बारा ओलांडून पुढं गेलेला. सात सेकंद पुढं.

मी गाडी वळवली. पुन्हा केलं. पुन्हा सात सेकंद. हायवेला बरोबर असलेलं घड्याळ गावात येऊन चुकेल कसं? मी रस्त्याच्या मधोमध गाडी उभी केली आणि खांबांकडं बघितलं. हे खांब जुने नव्हतेच. मागं रस्ता रुंद केला तेव्हा जुने उपटून नवे, उंच खांब रोवले होते. तेव्हा खड्ड्यांची माती माझ्याच पिकअपनं वाहिली होती. आणि मी मोजत होतो जुन्या हिशोबानं.

शेजारच्या गवंड्याचा लांब टेप आणला, मुलाला झोपेतून उठवलं. तो रात्रपाळी करून आला होता, शिव्या घालत आला. एका टोकाला तो, एका टोकाला मी. दोन खांबांत पन्नास नाही, छप्पन्न मीटर. पुढचं तेच, त्याच्या पुढचंही तेच. सोळाच्या सोळा मोजले. पोरगी रोज आठशे नाही, नऊशेला चार कमी एवढं पळत होती. आमच्या गावची पोरं भरतीत धावण्यात पुढं असतात असं तालुक्यात बोललं जातं, त्याचं इंगित तेव्हा कळलं.

घरी आलो. सून चुलीपुढं भाकरी थापत होती, बायको शेजारी भाजी निवडत बसलेली, मुलगा दारात जांभया देत उभा. मी अर्ध्या दाढीनं स्वयंपाकघरात गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "चूक माझी आहे. खांब मी मोजले, ते चुकीचे मोजले. तू शंभर मीटर जास्त पळत होतीस. आणि त्या दिवशी जे बोललो ते घाण बोललो. मला माफ कर."

सुनेचा हात भाकरीवर तसाच राहिला. मग तिनं विचारलं, "किती मीटर? नेमकं सांगा." मी म्हटलं, शहाण्णव. तिनं डोळे मिटले, ओठ हलले, मनातल्या मनात भागाकार. डोळे उघडले तेव्हा भरलेले होते. "मामा, म्हणजे आठशेला दोन पंचेचाळीस." आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायलाच लागली. "मी चोरून मोबाईलवर पण बघत होते," ती म्हणाली. "घड्याळ बरोबर होतं. म्हणूनच तर वाटायचं, मीच कमी पडते." बायकोनं तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन चुन्याचा डबा शोधायला लागलो. म्हटलं, पट्टा तरी बरोबर जागी मारू.

ती मागून ओट्यावर आली. तोंडाला पीठ तसंच. "मामा, पट्टा राहू द्या तिथंच. मी लांबच पळते. उद्या पहाटे उठवते तुम्हाला."

ग्राउंड नगरला होतं. घरच्यांना आत सोडत नाहीत. आम्ही गेटबाहेर, आईबापांची ही गर्दी. सुनेनं आत जाताना छातीवरचा नंबर नीट केला, माझ्या मनगटाकडं एकदा बघितलं आणि गेली. भिंतीमुळं काही दिसत नव्हतं. शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. प्रत्येक शिट्टीला मी बटण दाबायचो. कुठली शिट्टी तिची कुणास ठाऊक. काटा पळायचा, तीन मिनिटांना दहा सेकंद कमी असताना मी तो थांबवायचो, मग खालचं बटण दाबून काटा पुन्हा बारावर आणायचो. अशा किती मुली मी त्या सकाळी भिंतीबाहेरून पळवल्या, मोजदाद नाही. मनगट घामानं ओलं झालं होतं.

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चांगला चष्मा, त्यांचीही मुलगी आत. बराच वेळ ते माझ्या हाताकडं बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी चष्मा वर केला, वाकले आणि म्हणाले, "काका, माफ करा, पण हे... हे खरं आहे? अहो, हे घड्याळ मी फक्त फोटोत बघितलंय. मिळालं कुठं तुम्हाला?"

इतक्या वर्षांत पहिला माणूस! मी ज्याची एसटी स्टँडवर वाट बघितली तो हाच. तोंड उघडलं, साहेब, विमानतळ, सगळं जिभेवर आलं. आणि तेवढ्यात गेट उघडलं. घामानं निथळणाऱ्या पोरींच्या घोळक्यात ती होती. बूट धुळीनं लाल, केस सुटलेले. मला शोधत होती. नजरानजर झाली आणि तिनं लांबूनच हात वर करून आधी दोन बोटं दाखवली, मग चार, मग एक.

दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

गृहस्थ अजून माझ्या मनगटावर वाकलेलेच होते. "काका, सांगा ना, कुणाचं आहे हे?"

मी हात सोडवून घेतला. "घड्याळाचं राहू द्या हो," म्हटलं. "ती तिकडं बघा. नंबर लावलेली, हात वर केलाय ती. ती माझी सून आहे."